मसावि बाहेर काढल्यावर

"सहा एक्स अधिक तीन. मसावि तीन, तो बाहेर काढला. कंसात काय उरलं?"

"दोन एक्स," जिज्ञासा म्हणाली.

"आणि एक कुठे गेला?"

"मॅडम, तीन तर अख्खा बाहेर आला ना. आत काहीच नाही राहिलं."

आठवीची पोरगी, आणि रोज हीच चूक. अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या क्लासमध्ये बोलून बोलून माझा घसा बसायचा. "अगं, अख्खा बाहेर काढलास तरी तिथे एक उरतोच. तो विसरलीस की उत्तर चुकलं!"

शनिवारी क्लास चालू असतानाच एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्फोट झाला. जिज्ञासाचे पप्पा तिथेच कामाला होते. ठेकेदार त्यांचं नाव हजेरीत लिहीत नसे. माणूस कमी पडला की फोन करून बोलवायचा. तसंच सकाळी बोलावलं होतं.

मी तिला रिक्षात घातलं आणि कंपनीच्या गेटवर पोचले. ठेकेदार हात वर करून सांगत होता, "घाबरू नका, हजेरीतले सगळे बाहेर काढलेत. आत कोणी नाही. जा घरी." हात जोडत लोक पांगायला लागले. बंबवालेही पाइप गुंडाळायला लागले.

फूटपाथवर काळवंडलेली माणसं बसली होती. जिज्ञासा प्रत्येकाच्या तोंडाकडे वाकून बघून आली आणि तिने ठेकेदाराची बाही धरली.



"काका, आत एक राहिलाय."