ठिपक्यांची गाठ

ब्रिजिडबाईंच्या पत्राला अवधूतरावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. लंडनमधल्या वेम्बलीच्या लायब्ररीत त्यांना प्राचीन केल्टिक गाठींची, एकाच अखंड रेघेत गुंफलेली चित्रं काढायला शिकवून बाई आयर्लंडला परतल्या होत्या. तिथून लिहिलं होतं, “नजर अधू होत चाललीय. दिसतंय तोवर तुमची एक गाठ पाठवा.” पण पुस्तकांवरून उतरवलेली प्रत्येक रेघ अवधूतरावांना उसनी वाटे, कागद टोपलीत जाई. शेवटी बायको करवादली, “अहो, ठिपक्यांशिवाय कधी रांगोळी जमलीय का? सरका!” तिनं ठिपके मांडून दिले. अवधूतरावांची रेघ ठिपक्यांना वळसे घालत, एकदा वरून, एकदा खालून, न तुटता आरंभाला मिळाली. खाली त्यांनी लिहिलं, “आमच्या मराठीत गाठ म्हणजे भेटसुद्धा. तुमची गाठ पडली, हे माझं भाग्य.” टपालपेटीपाशी हात अडखळला. “बाईंना दिसेल ना अजून?” “टाकलंत तर दिसेल!” बायको हसली. त्यांनी पत्र टाकलं.