ताडमाड

वर्षभरात तेजल ताडमाड वाढली. हँडबॉलच्या सरावात पळताना ती स्वतःच्याच पायात अडखळायची आणि टीमच्या फोटोत गुडघे वाकवून मैत्रिणींच्या मागे लपायची. शेवटी मॅडमनी तिला गोलमध्ये उभं केलं.

रत्नागिरीच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम सामना होता. तेजलच्या टीमकडे एका गोलची आघाडी होती आणि अगदी शेवटच्या क्षणी खेडच्या मुलींना पेनल्टी मिळाली. समोरची मुलगी चेंडू घेऊन उभी राहिली, तशी तेजलची पाचावर धारण बसली. डोळे गच्च मिटून तिनं उडी घेतली. हात एकीकडे गेले, पाय भलतीकडेच, आणि चेंडू तिच्या पायाच्या अंगठ्याला लागून बाहेर गेला!

पोरी किंचाळत धावल्या. सगळ्यांनी मिळून तिला उचललं, पण ती काही पेलवली नाही आणि अख्खी टीम तिच्यासकट तांबड्या मातीत धाडकन आडवी झाली.

"उठा गो, चेंगरेल ती!" मॅडम ओरडल्या.

ढिगाऱ्याखालून तेजल खिदळत म्हणाली, "कोणी उठू नका गो! किती दिवसांनी आपण सगळ्या सारख्या उंचीच्या झालोय!"