हनुवटीखालचा ठिपका

तिसऱ्यांदा त्याने स्क्रीनवरचा स्लायडर उजवीकडे ओढला आणि तिसऱ्यांदा फोटोतल्या आईचा चेहरा प्लास्टिकचा झाला. गुळगुळीत, उजळ, कुणाचाही. त्याने स्लायडर परत मागे नेला. लगेच चेहऱ्यावर ठिपके उसळले, कुणीतरी मूठभर वाळू फेकल्यासारखे.

फोटो त्यानेच, गावी आईकडे, अंधारात काढलेला होता. वीज गेली होती, टेबलावर एक मेणबत्ती होती, आणि आईला फ्लॅश सोसत नसे. इतक्या कमी उजेडात कॅमेऱ्याला जबरदस्तीने बघायला लावलं, की तो नसलेलंही बघतो. त्यालाच नॉइज म्हणतात. त्यातले रंगीत ठिपके घालवणं सोपं. ते त्याने केव्हाच घालवले होते. उरले होते काळे-करडे. ते घालवायला जावं तर त्यांच्याबरोबर सुरकुत्या जातात, पापण्या जातात. थोडं आणखी ओढलं की माणूसच जातो.

त्याचं पोट याच कामावर होतं. लग्नाचे फोटो काढणारे त्याला कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइली पाठवायचे आणि तो त्या निवडून, निस्तरून, उजळून परत पाठवायचा. कुठल्या कुठल्या नवरा-नवरींचे चेहरे त्याच्या हाताखालून गेले होते. कुठला डाग ठेवायचा, कुठला घालवायचा, हे त्याला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. परक्या गालांवर हात सराईत चालतो. इथे मात्र तो तासभर अडून बसला होता.

अडला होता तो हनुवटीपाशी. तिथे तीन ठिपके होते, बाकीच्यांपेक्षा जरा ठसठशीत. त्यातला एखादा तीळ असावा. कदाचित दोन असतील. कदाचित एकही नसेल. आणि त्याला काही केल्या आठवेना.

आईला जाऊन आठवडा झाला होता. तिचा एकटीचा असा हा एवढाच फोटो. बाकी सगळ्यांत ती कुणाच्या तरी खांद्यामागे उभी होती. हाच आता भिंतीवर लागणार होता, आणि गावच्या घरातल्या ज्या पोरांना पुढे आजी आठवणार नव्हती, त्यांच्यासाठी हीच आजी असणार होती. चुकून चालणार नव्हतं.

इथे त्याच्या घरात विचारायला कुणी नव्हतं. वर्षभर नव्हतं. दिवसभरात तो बोलायचा ते कॉम्प्युटरशी, तेही तो अडला की. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, त्याला वाटलं. जगाचे चेहरे पुसले आणि आईचा बघायचा राहून गेला. शेवटी त्याने गावी भावाला फोन लावला.

“दादा, आईच्या हनुवटीवर तीळ होता का रे?”

“तीळ?” दादा म्हणाला. “होता वाटतं. की तो काकूला होता? अरे, असलं कोण बघत बसतं! तू आपलं सगळं साफ करून टाक. छान दिसेल.” मग स्वतःच ओशाळून म्हणाला, “थांब, मावशी इथेच बसलीये. तिला देतो.”

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. डोळे गेल्यापासून ती आईजवळच राहायची. जिला दिसत नाही तिलाच चेहरा विचारायचा, ही दादाची कमाल होती. पण फोन तोवर तिच्या हातात गेला होता.

“काय रे, आंधळीची परीक्षा घेतोयस?”

“नाही गं मावशी. फोटोत ठिपके आहेत, त्यातला खरा कुठला तेच...”

“हनुवटीखाली, डाव्या अंगाला. मोहरीएवढा. शेवटी-शेवटी तिचे हात थरथरायचे, तेव्हा तोंडाला क्रीम मीच लावून द्यायचे. बोट अडायचं त्याच्यावर. अजून अडतं रे.”

त्याने स्क्रीनवर पाहिलं. आईचं डावं अंग, म्हणजे स्क्रीनवर उजवीकडचा. मघाशी सगळ्यात आधी तोच पुसायला निघाला होता तो. बाकीचे दोन म्हणजे नुसता अंधार होता. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मागोमाग त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मला आठवतच नव्हतं गं,” तो म्हणाला.

“बरं, त्यात काय एवढं! तू यायचास कधी आणि टेकायचास कधी? तिचं मात्र तसं नव्हतं हो. मला सगळी माणसं तीच सांगायची. कोण आलं, कसं दिसतंय. तू गेलास की तुझ्यावर बैठक व्हायची आमची. उजवी भुवई मधे तुटलीये. कानामागे पांढरं शिरलंय. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय.”

त्याचा हात नकळत पट्ट्याकडे गेला. भोक होतं.

“आणि तो फोटो काढून गेलास ना, त्या दिवशी तर रडली. म्हणाली, सूनबाई सोडून गेलीये याला.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. ही गोष्ट त्याने घरात कुणालाच सांगितलेली नव्हती. बायको कामासाठी परगावी असते, एवढंच तो सगळ्यांना सांगत आला होता. आईलाही तेच.

“तिला कोणी सांगितलं?” त्याने कसंबसं विचारलं.

“मीही हेच विचारलं,” मावशी म्हणाली. “तर म्हणते कशी, अगं, फोटोसाठी त्याने मला किती वेळ समोर बसवून ठेवलं, तेवढ्यात मी त्याला पोटभर बघून घेतलं.”