चिन्नोरचा वास

स्तनाच्या कॅन्सरवर केमो सुरू झालं आणि शामकलाला भाताच्या नुसत्या वासानं उलटी व्हायला लागली. आता केशोरीसारख्या, घमघमत्या चिन्नोर धानाच्या गावात भाताच्या वासापासून पळावं तरी कुठं? छोटेलालनं बायकोसाठी घरातली चूलच परसात, पार विहिरीपलीकडे नेली. भात तिथंच रांधायचा, तिथंच गिळायचा आणि राखेनं हात घासून मगच तिच्या खाटेजवळ यायचा.

"एवढं केमो सरू द्या," ओकून ओकून दमली की ती म्हणायची, "मंग आपल्या बांधीतल्या चिन्नोरचा भात तुमच्यासंग बसून खाईन."

आज शेजारची रेणू चिन्नोरच्या वाफाळत्या भातानं भरलेला गंज घेऊन थेट घरात शिरली, तसा छोटेलाल ओरडला, "वो बाई, बाहीर ने तो गंज! तिले वास गेला तं पुन्हा ओकत बसते ना!"



मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही म्हणून रेणूनं भात आणला होता. आणि छोटेलालच्या अंगावरचं, घाटावरच्या आंघोळीचं धोतर अजून ओलंच होतं.