तिसरा अल्बम

भाऊ माइकवर कविता बोलायचा आणि बहीण मधेमधे काळीज पिळवटणारी सोल गाणी गायची. बाबा गेले तेव्हा दोघांनी त्यांच्यावर पहिला अल्बम केला, लोक ढसाढसा रडले. आई गेल्यावर दुसरा आला, तो तर लोकांनी डोक्यावर घेतला. मग दोघांनी हौसेनं आनंदावर तिसरा काढला. तो सख्ख्या मावशीनंही अर्ध्यात बंद केला.

"सुखाला कोण विचारतंय?" त्यांचा मॅनेजर कॉफी ढवळत म्हणाला. "तुमचं चालतं ते घरातलं माणूस गेल्यावर. आता घरी कोण कोण उरलंय?"

"आम्ही दोघंच," बहीण म्हणाली.

"हं," म्हणून मॅनेजरनं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत लवकर पोहोचली, तर ज्याला जन्मात कधी सूर लागला नाही तो भाऊ डोळे मिटून तिची गाणी गात होता.

"दादा, हे काय रे?"

"काही नाही गं," तो दचकून म्हणाला. "येत असलेलं बरं."


त्याच्या सगळ्या कविता तिनं मॅनेजरच्या कालच्या भेटीआधीच पाठ करून ठेवल्या होत्या.