चार नंबरची नळी

यंत्र अठराव्या फेरीवर होतं आणि पडद्यावरच्या पाचही रेघा आडव्या झोपल्या होत्या.

"एवढा वेळ लागतो?" सासऱ्यांनी चाकाच्या खुर्चीतून विचारलं.

"लागतो, बाबा. तुम्ही एका दाराला आठवडा लावायचात, तेव्हा कोणी काही बोललं का?"

"बोलायचं की. तुझ्या सासूबाईच बोलायच्या."

सून हसली खरी, पण तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं त्याला आठ महिने झाले होते. हाड सांधलं, पण पाय काही उभं राहू देईना. दीड महिना व्यायाम चालला होता, रोज मांड्या ठणकायच्या आणि फरक म्हणाल तर शून्य. शेवटी सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं होतं: आजच्या तपासणीत काही निघालं नाही, तर उद्यापासून व्यायामाच्या बाईंनी यायचं नाही आणि या खुर्चीतून मला उठवायचं नाव कोणी काढायचं नाही. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. एकदा नाही म्हटलं की नाहीच.

उतारवयातला स्नायू पुन्हा भरून येतो का, याचा अभ्यास सुनेच्या प्रयोगशाळेत चालला होता. सासऱ्यांचं नाव त्यात तिनेच घातलं होतं. व्यायामाआधी एकदा आणि गेल्या आठवड्यात एकदा, त्यांच्या मांडीतून सुईने कणभर स्नायू काढला होता. सोबत थोडी कातडी आणि रक्त.

"परत सांग, नक्की काय शोधतेय ही पेटी?"

"पेशींना एकमेकींत मिसळवणारं एक प्रथिन असतं, बाबा. ते बनवायची कृती अंगातल्या झाडून सगळ्या पेशींजवळ असते. पण रक्तातली पेशी ती कधी उघडूनही बघत नाही. कातडीतलीही नाही. स्नायूवर ताण पडला, तो जरासा फाटला, की तिथेच ती कृती बाहेर निघते. तिच्या प्रती निघतात, मग शेजारी बसलेल्या राखीव पेशी येतात आणि त्या स्नायूत मिसळून जातात."

"म्हणजे सरस."

"सरसाने चिकटवलेल्या फळ्या दोनच राहतात. इथे दोघांचं मिळून एकच होतं. सांधा शोधून सापडत नाही."

"सांधा सापडत नाही?" सासऱ्यांनी दोन फळ्या जोडाव्यात तसे तळहात एकमेकांवर दाबून पाहिले. "असला सरस मला जन्मात मिळाला नाही."

म्हातारा होता मात्र खमका. सून आपल्याला खूश करायला वाट्टेल ते दाखवील, हा संशय काही मनातून जाईना. म्हणून सकाळी तिला खोलीबाहेर काढून त्यांनी स्वतःच्या हाताने नळ्यांवरची नावं पुसली, नळ्यांची अदलाबदल केली आणि एक ते पाच आकडे घातले. चार नळ्या त्यांच्या, पाचवीत पडताळ्यासाठी नुसतं पाणी. कुठल्या आकड्यात काय, ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "करू द्या. असा एक माणूस आपल्याकडे कधीचा हवा होता."

यंत्र दर फेरीला त्या कृतीच्या प्रती दुप्पट करत होतं; ज्या नळीत मुळात प्रती जास्त, तिची रेघ आधी उठणार, एवढंच आता बघायचं होतं.

सव्विसाव्या फेरीला चार नंबरची रेघ उठली आणि सरळ वर निघाली. सुनेने श्वास रोखला. तेहतिसाव्या फेरीला दोन नंबरची कशीबशी उठली. बाकीच्या तिघी जागच्या हलल्या नाहीत.

चार आणि दोन म्हणजे मांडीच, हे तिला कळलं. पण आधीची कुठली आणि नंतरची कुठली? चार नंबरची आधीची निघाली, तर दीड महिन्याच्या व्यायामाने होतं तेही घालवलं असा अर्थ झाला असता. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलेल तर शपथ.

"चिठ्ठी काढा ना, बाबा."

"चाळीस फेऱ्या पुऱ्या होऊ देत. पाण्याची रेघ उठली तर नळ्यांत भेसळ, सगळंच रद्द, असं तूच म्हणालीस ना?"

त्या सात फेऱ्या सुनेला सात वर्षांसारख्या गेल्या. चाळीस झाल्या आणि यंत्र थांबलं. सासऱ्यांनी खिशात हात घातला. त्यांनी चिठ्ठी तिच्याच हातात दिली.

एक, कातडी. दोन, मांडी, जुनी. तीन, पाणी. चार, मांडी, नवी. पाच, रक्त.

तिने पुन्हा वाचलं. मग तिला रडूच फुटलं.

"अहो, म्हणजे तुम्हाला सव्विसाव्या फेरीलाच कळलं होतं!"

"कळलं होतं. पण पाण्याचा भरवसा नव्हता."

"याचा अर्थ तुम्ही उद्या धावाल असा नाही हं, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. खोटी आशा तिला दाखवायची नव्हती. "अजून पुष्कळ महिने लागतील. आत काम सुरू झालंय, एवढंच."

सासऱ्यांनी खुर्चीच्या चाकांचे चाप लावले, दोन्ही हात दांड्यांवर रोवले आणि दात आवळून ते उठू लागले. अर्धे उठले आणि कळ आली तशी त्यांचा चेहरा पिळवटला. सून घाबरून पुढे झाली.

"बाबा, बसा! मांडी दुखतेय ना?"

"दुखतेय की!" डोळ्यांत पाणी आणून, दोन्ही पायांवर डुगडुगत उभं राहून सासरे हसले. "मस्त दुखतेय!"