बाटलीची मान

काच म्हणजे महाचहाडखोर! खोलीत जे जे असेल ते सगळं अंगावर दाखवणार. सरबताच्या बाटलीचा फोटो काढताना फोटोग्राफर अगदी मेटाकुटीला आला. शेवटी त्याने खिडकीवर काळं कापड टाकलं, सरबत उजळावं म्हणून बाटलीमागे पांढरा कागद उभा केला आणि दिवा तिरका केला. तेव्हा कुठे लेबलवरची चकाकी जाऊन 'बाप-लेक सरबत' ही अक्षरं ठसठशीत दिसली. सरबतवाल्यांची लेक मदतीला होतीच. कॅमेरा हलू नये म्हणून त्याने टायमर लावला. आता फोटो निघेपर्यंत दोघांना काहीच काम नव्हतं.

"झकास!" संध्याकाळी फोटो बघून सरबतवाले म्हणाले. मग त्यांनी चष्मा नीट बसवला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "बाटलीच्या मानेवर हे काय रे?"

मानेवर इवलीशी दोन माणसं होती, एकमेकांच्या मिठीत.

लेक ओठ दाबून हसू आवरत होती. फोटोग्राफर मात्र घाईघाईने म्हणाला, "काका, ते... ते पुसून टाकतो मी."

"फोटोला हात लावू नकोस. लेबल बदल," ते म्हणाले. "'बाप-लेक'च्या पुढे 'जावई' मावतोय का बघ."